सूर, टाकी क्रमांक तीन

गावाचं नाव सूर.
आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
म्हणजे गाण्याचं गाव का?
नाही गं, होड्या बांधायचं. आता पाण्याच्या टाक्यांचं.
पुढे काही सुचेना, मग कांद्याचा भाव निघाला.

पण तार खरंच असते.
वीतभर नळीत, दोन चकत्यांच्या मध्ये
केसाइतकी पोलादी तार, ताणून बसवलेली.
ती सळईला बांधायची, वर काँक्रीट ओतायचं
आणि मग जन्मभर बाहेरून विचारायचं: कशी आहेस?
पेटीतून विजेचा एक टिचका जातो, तार थरथरते,
सेकंदाला आठशे बारा वेळा, आठशे नऊ वेळा.
भिंत आवळली की उतरते.
ताणली गेली की चढते.
आमच्या वहीत त्याला सूर म्हणत नाहीत, हर्ट्झ म्हणतात.

ऑगस्टमधली ओतणी, रात्री दीडला.
दिवसा पारा शेहेचाळीस, काँक्रीट गाडीतच रागावतं,
म्हणून मिश्रणात बर्फाचा चुरा.
फ्लडलाइटखाली चाळीस माणसं
आणि खाडीकडून ओल्या गोणपाटासारखा वारा.
सतरा नंबर बांधला इकलाक परकारने,
राजिवड्याचा, सळईकामाचा मुकादम.
खरं तर ते माझं काम, पण माझा हात पोचेना.
तो दोन जाळ्यांच्या फटीत उतरला, आडवा झाला,
दातांत बांधणीची तार,
आणि म्हणाला, हलू दे. हाडांत सुई ठेवायची म्हंजे
तेवढ्यात वर व्हायब्रेटर सुरू झाला.

मग पहिली नोंद.
तिला शून्य म्हणतात, आकडा शून्य नसला तरी.
भिंतीचं पुढचं सगळं दुखणं हिच्यापासून मोजायचं.
ही चुकली तर तीस वर्षं नुसते आकडे.
जुमा अल-अरैमी त्यासाठी स्वतः येतो,
ऊन चढायच्या आत,
थर्मासमधला काहवा तीन घोटांत संपवून सही करतो.
त्याचे आजोबा मलबारी सागाच्या फळीवर
टिचकी मारून कान लावायचे म्हणे.
तुझं यंत्र महाग आहे, एवढंच, असं तो म्हणतो.

टाकी पहिल्यांदा भरली तेव्हा तीन रात्री जागलो.
पाणी हात-हात चढत होतं.
सोळा, अठरा, एकोणीस, सगळे आज्ञाधारक.
सतरा सगळ्यांच्या पुढे गेला, आठशे एकतीस.
जुमाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
तडा नव्हता. सतराच्या शेजारी पाइपाचं भोक आहे,
तिथे ओझ्याला वळसा घालून जावं लागतं.
हिशोबात होतं ते. तरी घाम हिशोब बघत नाही.

परकार फेब्रुवारीत परत गेला. कंबर.
कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं, हे इथलंच कशावरून?
फाइल काढली. आला तेव्हाचा एकच एक्स-रे,
तोही छातीचा.
बावीस वर्षं वाकून बांधलेल्या सळया,
मोजणार कशापासून?
भरपाई शून्य.
या शून्याचा आकडाही शून्यच.

मी दर गुरुवारी पेटी उघडतो.
निळी केबल, सतरा नंबर.
कधी कधी परकारचा मेसेज आधीच आलेला असतो:
काय बोलतो आपला?
आठशे तीस, मी कळवतो. टाकी भरलेली आहे.
सकाळी गाव आंघोळी करील, तेव्हा उतरेल.
आणि तू?
बराच वेळ काही नाही.
मग: बसता येतं. उठताना दाराची चौकट धरावी लागते.

मी ते वहीच्या समासात लिहून ठेवलं,
तारीख, वेळ,
आणि सवयीने खाली: पहिली नोंद.